केळ कुणी उपटली

३ नोव्हेंबर, सोमवार

केळ परत गेली. ही दुसरी.

सकाळी माझ्या भज्यांच्या स्टॉलवर चुलीला जाळ घालायला आले तर समोर रस्त्यातला खड्डा नुसता. गढूळ पाणी आणि मधे काही नाही. काल संध्याकाळी मी स्वतः लावली होती. न्हाणीमागची, माझ्या कमरेएवढी. बुडाला धोंडे लावून उभी केली होती. ती काही पाय फुटून गेली नाही. गुरांनी खाल्ली म्हणावं तर बुंधा राहिला असता. रस्त्यावर पानाचा तुकडा नाही. कुणीतरी नीट, मुळासकट, सवडीने काढली आहे.

खड्ड्यात केळ लावायचा शोध माझा नाही. या हायवेला सगळेच लावतात, इथून थेट बंदरापर्यंत. सरकारला लाज वाटावी म्हणून, आणि गाडीवाल्याला लांबून दिसावं म्हणून. वरच्या वाडीतल्या खड्ड्यात तर केळीला घड धरला, लोकांनी वाटून खाल्ला, तरी सरकारला लाज आली नाही. पण तिथली केळ कुणी उपटत नाही. माझीच का?

मागच्या आठवड्यात इथेच मोटरसायकलवरून एक बाई पडली. पोटाशी तान्हं बांधलेलं. पोर वाचलं, बाईचे पुढचे दात गेले. मी तिचं तोंड धुतलं. म्हणून केळ लावली. हौस म्हणून नाही.

कुणाचं काम ते मला माहीत आहे. नाव लिहीत नाही.

४ नोव्हेंबर

लिहिते. माझी वही, मला कुणाची भीती. तोगार. समोरचा पंक्चरवाला.

खड्डा कुणाचं पोट भरतो ते बघायचं, की चोर सापडतो. ट्रक आपटला, टायर फुटला नाहीतर स्प्रिंगचा पाटा तुटला, की समोर तोगार बसलेलाच. लवंगेची सिगारेट ओढत, बुद्धिबळाचा पट मांडून. दुकान म्हणजे चार बांबू, वर पत्रा आणि एक खोकणारा कॉम्प्रेसर. तो इथे आला तेव्हा खड्डा परातीएवढा होता. आता त्यात म्हैस बसेल.

विजी म्हणते, "आई, खड्डा पावसाने वाढतो." ही माझी मुलगी, बारावी झाली म्हणून तिला सगळं कळतं. मी म्हटलं, पाऊस काय तोगारचं दुकान बघून पडतो?

६ नोव्हेंबर

तोगार भजी खायला आला होता. बटाक जमातीचा माणूस, उत्तरेकडचा. बोलतो तेव्हा भांडतोय की कौतुक करतोय कळत नाही. आम्ही मूळचे जावाचे, या बेटावर येऊन वसलेले. आमचे लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पाठीमागे पोथी वाचतात. मी तोंडावर बोलते. म्हणून मी आमच्यातल्या कुणाला आवडत नाही.

म्हटलं, "माझी केळ गेली."

"कच्ची की पिकलेली?"

"रस्त्यातली."

"रस्त्यातली वस्तू जायचीच, वहिनी. रस्ता जायलाच असतो."

"मी इथे दिवसभर बसलेली असते. चोराला दिसत असेन."

"मग तुम्हालाही तो दिसत असेल." आणि हसला, सगळे दात दाखवून.

कोरी कॉफी प्याला, केळ्याची भजी खाल्ली, वर दोन टेम्प्याची, आंबवलेल्या सोयाबीनची, मागून घेतली. जाताना माझ्या म्हाताऱ्या आईला हात केला. आई हसली. माझ्याकडे बघून ती वर्षात हसत नाही.

९ नोव्हेंबर

तिसरी केळ काल लावली. आज सकाळी एक कोळशाचा ट्रक आला, असा की जमीन हलली. केळ लांबून दिसली असणार, पण ड्रायव्हरबाबाने वेग मोडला नाही. स्टेअरिंग सरळ आमच्या अंगाला ओढलं. साइडपट्टीवरून गेला. बाकडं उडालं. त्यावर कुणी नव्हतं हे नशीब. कढईत उकळतं तेल होतं, मी मागे सरले, नाहीतर माझीच भजी.

पुढे जाऊन थांबला. वाटलं, विचारायला थांबला असेल. काच खाली करून म्हणतो, "बाई, दुकान रस्त्यात कशाला मांडलंय?"

"दुकान होतं तिथेच आहे. रस्ता तू आणलास."

गेला धूर सोडून. मागे रंगीत अक्षरात लिहिलेलं — ब्रेक नाही, आईचा आशीर्वाद आहे.

हे सगळे असेच. तेलाच्या पामचे घड नेणारे तर जास्त. खेपेवर मजुरी, म्हणून उड्या मारत जातात. मागून दोन-चार घड रस्त्यावर पडतात तेही बघत नाहीत. रस्ता असा, त्यावर चालवणारे असे. एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं.

आईचं आणखी वेगळं. ऐंशीच्या पुढची, दोन्ही कानांनी ठार बहिरी. बांग तिला ऐकू येत नाही. फणसाच्या सावलीवर वेळ ठरवते. नमाजघर रस्त्यापलीकडे, तोगारच्या दुकानाला लागून. घरातच पढ म्हटलं तर म्हणते, पाय आहेत तोवर आपण देवाकडे जायचं, त्याला घरी बोलवायचं नाही. आणि रस्ता कसा ओलांडते? पांढरा झगा घालते, उजवा हात वर करते, कोंबड्यांना थांबवावं तसा, आणि चालू लागते. इकडे बघत नाही, तिकडे बघत नाही. तिला वाटतं ट्रक तिच्या हाताला थांबतात.

थांबतात पण, मेले. तिच्यापुढे बरोबर मुंगीसारखे होतात. बाकडं मात्र माझंच मोडतात.

१० नोव्हेंबर

तिसरीही गेली.

१५ नोव्हेंबर

काल वरच्या वाडीतले रिकामटेकडे आले. लाल माती टाकून खड्डा भरला आणि बांबूला मासे धरायची जाळी बांधून गाड्यांपुढे धरून बसले. ड्रायव्हर सुट्टे टाकतात त्यात. संध्याकाळी जाळी गुंडाळून घरी. आज सकाळी बघते तर खड्डा रिकामा. पाऊस झालाच नव्हता.

आधी मी त्यांनाच धरलं. म्हटलं, तुम्हीच काढली, परत भरायला मिळावी म्हणून. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "मावशी, भरायलाच आमच्या जिवावर येतं. काढायला कोण येतंय?"

हे पटलं. त्यांच्याकडे बघून पटतंच.

मग विजीच्या सायकलीत हवा भरायच्या निमित्ताने समोर गेले. तोगार चाक खोलत होता. भिंतीला कुदळ टेकवलेली. पात्यावर लाल माती, ओली.

ज्याला वीतभर वावर नाही त्याला कुदळ कशाला?

विचारलं नाही. हवा भरून आले. पैसे घेतले नाहीत त्याने. मनात पाप असलं की माणूस हवा फुकट देतो.

१८ नोव्हेंबर

बघितलं. माझ्या डोळ्यांनी.

दुपारी असा पाऊस की समोरचं दिसेना. गाड्या थांबलेल्या, विजी आत, आई झोपलेली. मी फळकूट लावायला उठले तर खड्ड्यात माणूस. डोक्यावर प्लॅस्टिक, हातात कुदळ. कड तोडतोय. मी तशीच भिजत गेले.

"काय चाललंय?"

दचकला नाही. "पाण्याला वाट करून देतोय."

"पाण्याला वाट उताराकडे देतात की रस्त्याच्या मधे? आणि वाट दिली तर पाणी कमी व्हायला हवं. हे वाढतंय."

"पाऊस पडतोय वहिनी, वाढणारच. आत जा, ताप येईल."

"माझ्या तापाची काळजी नको. दात गेलेल्या बाईची केली असती तर?"

यावर त्याने पाण्यातून पाय काढला. कुदळ खांद्यावर घेतली आणि गेला.

२० नोव्हेंबर

वाडीच्या मुखियाकडे गेले. सुगेंग. पायजम्यावर बसलेला, पोपटाला पपई देत होता. सगळं सांगितलं.

म्हणाला, "ताई, तारखा आहेत का? तारखेशिवाय तक्रार म्हणजे मीठ नसलेलं कालवण."

म्हटलं, आहेत. सगळ्या लिहिल्यात.

यावर त्याचं तोंड उतरलं. मग म्हणतो, "पण कसं आहे, रस्ता वाडीचा नाही. तालुक्याचाही नाही. प्रांताचा आहे."

"आणि खड्डा?"

"खड्डाही प्रांताचाच."

"आणि त्यात पडणारी माणसं?"

"ती आपली," म्हणाला, आणि पोपटाकडे वळला.

रविवार सोडून रोज हा तोगारकडे बुद्धिबळ खेळतो. हे मला आधी आठवायला हवं होतं.

२४ नोव्हेंबर

आज मी खड्ड्यात कपडे धुतले.

राग आला होता, दुसरं काही नाही. टब घेतला, साबण घेतला, पाट ठेवला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन बसले. पडदे, चटया, विजीच्या बाबांचं जुनं जाकीट. दोन्हीकडे ट्रकांची रांग. हॉर्नवर हॉर्न. एक क्लीनर उतरून म्हणतो, "काकू, माझा शर्टपण टाका."

"काढ. शर्टाबरोबर तुलाही पिळते."

विजीने फोनवर सगळं घेतलं. आणि मग आई आली, हात वर करून. माझ्याशेजारी पाट मांडून बसली आणि पायपुसणं धुवायला लागली. कशासाठी चाललंय तिला काही पत्ता नाही. तिला वाटलं मी कामाला लागले तर आपणही लागावं. ओरडून सांगत होती, "पाणी घाण आहे गं, विहिरीवर जाऊया!"

लोक हसून लोळले. तोगार हसला नाही. दुकानाच्या खांबाला टेकून बघत राहिला. त्याला कळलं असणार, आता याचं काय होणार ते.

२७ नोव्हेंबर

व्हिडिओ सगळ्यांनी बघितला म्हणे. जावाहून मामेबहिणीचा फोन. विजीच्या बाबांचाही आला, मलेशियाच्या मळ्यातून. ते एरवी सणाला करतात. म्हणाले, "तुझ्या पिंढऱ्या दिसतायत."

म्हटलं, रस्ता दिसला नाही का?

३ डिसेंबर

साहेब आले. दोन गाड्या. इस्त्रीचे कपडे, डोक्यावर पिवळी टोपी. टेप लावली, फोटो काढले. खड्ड्याबरोबर माझाही. भजी खाल्ली. पैसे द्यायला एकमेकांकडे बघितलं आणि कुणीच दिले नाहीत. माझा विश्वास नाही. टेप लावणारे पूर्वीही आले होते.

१० डिसेंबर

खरंच झालं. खडी, डांबर, रोलर, सगळं एका दिवसात. वरच्या वळणापासून पुलापर्यंत काळा कुळकुळीत. डांबराचा थर मी जवळून बघितला. माझी भाकरी त्यापेक्षा जाड असते. उरलेलं डांबर ठेकेदाराने कुठे नेलं ते तो आणि त्याचा देव जाणे. पण गुळगुळीत झालाय, हे खरं. विजी अनवाणी चालून आली. मला सगळे म्हणतात, तू केलंस. सुगेंगसुद्धा म्हणाला, आणि वर हेही म्हणाला की त्याने वरती शब्द टाकला होता.

संध्याकाळी तोगार आला. भजी मागितली नाहीत. नव्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "झालं तुमच्या मनासारखं. आता आजीला कोण पार नेणार?"

ही धमकी होती. दुसरं काय असणार? मी म्हटलं, "माझ्या आईचं नाव घ्यायचं नाही."

मान हलवून गेला.

१३ डिसेंबर

भजी उरली. पावसामुळे असेल.

१४ डिसेंबर

भजी उरली. पाऊस नव्हता.

१७ डिसेंबर

गाड्या येतात की नाही कळतच नाही. एक आवाज होतो आणि तेवढ्यात गेलेली असते. कुणी थांबत नाही. थांबतील कशाला, पूर्वी पाटा तुटायचा, तो जोडेपर्यंत कॉफी व्हायची. आता घाट लागेपर्यंत पाय उचलत नाहीत. कालच्या दिवसात आमची दोन कोंबडी गेली. सपाट झाली, पिसंसुद्धा गोळा करता येईनात.

आणि आज बघते तर तोगार आईचा दंड धरून रस्ता ओलांडतोय! अर्ध्यात थांबला, ट्रक जाऊ दिला, मग नेलं. आई त्याच्या हातावर थापट्या मारत होती, लाडाने.

मला लगेच लागलं डोक्यात. हा स्टॉल ज्या पट्टीवर आहे ती आईच्या नावावर. हायवेकडेची जागा. त्याचं दुकान आता बसलं. ट्यूब नाही, पाटा नाही. म्हातारीला गोड बोलून अंगठा घ्यायला किती वेळ लागतो?

गेले आणि तोंडावर सांगितलं. "माझ्या आईला हात लावायचा नाही. तिच्यापासून लांब राहायचं."

"वहिनी, तो रस्ता बघितला का तुम्ही?"

"बघितला. मीच करून घेतलाय."

"तेच म्हणतोय."

"लांब म्हणजे लांब."

बरं म्हणाला. नेहमीसारखं जोरात नाही. हळू म्हणाला.

१९ डिसेंबर

आभाळ भरलेलं. फणसाची सावली नाही, म्हणून आई वाटेल तेव्हा उठते. आज चारदा उठली ती वेळेआधीच. विजी एकदा घेऊन गेली, मी एकदा, दोनदा तिची तीच गेली. प्रत्येक वेळी कढई सोडून कसं जमायचं?

घरात थांब म्हणून खुणा केल्या. तिने तिच्या हाताकडे बोट दाखवलं. हात आहे ना, मग कशाला घाबरतेस.

२३ डिसेंबर

आई पडली.

पामचा ट्रक होता. तिने हात वर केला होता. मी कढईवरून मान वर केली तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध होती, पांढऱ्या झग्यात, हात वर. ड्रायव्हरने हॉर्न मारला असेल, तिला काय ऐकू येणार. शेवटी त्याने जरा ओढलं. चाक लागलं नाही. नुसत्या वाऱ्याने पडली. झगा फडफडला आणि ती खाली.

तोगार त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर उभा होता. पाय पुढे टाकून थांबलेला. लांब म्हणजे लांब, असं मीच म्हटलं होतं. पडल्यावर मात्र धावला. त्यानेच उचलून आणली.

हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. डावं मनगट मोडलंय. बाकी खरचटलं. ट्रक थांबला नाही.

२४ डिसेंबर

आई सकाळी म्हणते, "त्या ड्रायव्हरला माझा हात दिसला नाही गं. मी आता जरा वर धरते."

उजवा हात शाबूत आहे ना. तोच वर करून दाखवला.

२७ डिसेंबर

सुगेंगला घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेले. तेच पिवळ्या टोपीवाले. टोपी काढली की टक्कल आहे. म्हटलं, नमाजघरासमोर गतिरोधक पाहिजे.

म्हणे, प्रांताच्या हायवेवर गतिरोधक बसत नाही. नियम आहे.

"मग माणसं कशी ओलांडणार?"

"दोन्हीकडे बघून."

म्हटलं, साहेब, माझ्या आईला एकीकडेच बघायची सवय आहे, वरती.

हसले. चहा दिला. कामाचं काही नाही.

३० डिसेंबर

वाडीने नारळाचा ओंडका आडवा टाकला. खड्ड्यासाठी हे ऑफिसवाले वर्षानुवर्षं आले नाहीत. ओंडक्यासाठी दुपारच्या जेवणाआधी आले. उचलून गाडीत घातला. नेला कुठे, कुणास ठाऊक. आता तर ओंडक्यांचाही संशय येतो मला, जळणाला वापरत असतील.

४ जानेवारी

आईला आत कोंडलं. कडी लावली. तिने आतून भिंतीवर डोकं आपटलं नाही, आरडाओरडा केला नाही. दाराशी बसून राहिली, झगा घालून. संध्याकाळी दार उघडलं तर तशीच. म्हणाली, "काय गुन्हा झाला माझा?"

हे मला परत नाही जमायचं.

७ जानेवारी

समोर गेले. भांडायला, की आणखी कशाला, मलाच माहीत नव्हतं. तोगार एकटाच पट मांडून बसलेला. दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत होता. कॉम्प्रेसरला दोरी बांधलेली, निघायची तयारी.

उभ्यानेच विचारलं. "तुम्हीच खणत होतात ना?"

"हो."

असं सरळ.

"माती?"

"मीच काढली."

"आणि केळी?"

"त्याही मीच. मागे, विहिरीजवळ लावल्यात. बघून घ्या, जगल्यात तिन्ही."

"का पण?"

एक प्यादं हलवलं. मग म्हणाला, "वहिनी, इथे खड्डा आहे हे या रस्त्याच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होतं. पाण्याखाली नक्की कुठे ते माहीत नव्हतं. म्हणून चाचपडत यायचे, म्हाताऱ्यासारखे. तुम्ही केळ लावली की लांबून दिसायचं. मग वेग कशाला मोडतील? कडेने काढायचे. कडेला कोण उभं असतं?"

मला बाकडं आठवलं. कोळशाचा ट्रक. त्या दिवशी केळ होती.

"म्हणजे माझ्या आईसाठी खणत होतात, असं म्हणायचंय?"

"अर्धं पोटासाठी. खोटं कशाला बोलू, खड्ड्यावर मी जेवलोय. पण आजी रोज माझ्याच दारात उतरते, हात वर करून. तुम्ही तळत असता, तुमची पाठ असते. एखादा थांबला नाही तर ते मलाच बघावं लागणार होतं."

"आणि दात गेलेली बाई?"

त्याने पटावरची एक सोंगटी उचलून परत तिथेच ठेवली. "ती माझ्या पोटाच्या अर्ध्यातली," म्हणाला. "ती दिसते मला."

मी माफी मागितली नाही. आमच्यात अशी मागतही नाहीत. घरी येऊन भजी तळली, पानात बांधली आणि विजीकडे पाठवली. खरं बोलला असं मी अजून म्हणत नाही. पण अर्धं पोटासाठी म्हणाला. लबाड माणसाने पोटाचं नाव काढलंच नसतं.

९ जानेवारी

विहिरीजवळ बघून आले. तिन्ही केळी आहेत. एकीला नवं पान.

१० जानेवारी

तोगार गेला. घाटाच्या पायथ्याला रस्ता उखडलाय म्हणे, तिथे दुकान टाकणार. पामच्या रिकाम्या ट्रकवर कॉम्प्रेसर चढवला, पट काखेत मारला. आईने त्याचा हात धरून ठेवला, सोडेना. त्याने तिला काहीतरी सांगितलं, ती मान हलवत होती. ऐकू काय आलं असेल.

जाताना कुदळ माझ्या स्टॉलला टेकवली. "तुमच्याकडे वावर आहे," म्हणाला. "मला आता काय करायची."

माझ्याकडे कुदळी आहेत हे त्याला माहीत आहे.

आज आईला रस्त्यापलीकडे मीच नेलं, दरवेळी. दोन घाणे करपले. पलीकडे पोचली की माझा हात झटकते.

१३ जानेवारी

दुपारभर मुसळधार. समोरचं दिसत नव्हतं. विजी आत, आई झोपलेली.

डांबर कुदळीला कडेने सालीसारखं सुटलं. ठेकेदाराने चोरलं ते बरं केलं, देव त्याला सुखी ठेवो. मोटरसायकलींसाठी स्टॉलच्या बाजूला हातभर पट्टी तशीच सोडली आहे. तिथे कुदळ लावली नाही, लावू देणार नाही. तरीही कुणी पडलंच, तर ते माझ्या वाट्याचं.

पाऊस थांबला. आई हात वर करून निघाली. पहिला ट्रक चाचपडत आला.

मघाशी सुगेंग खड्डा बघून गेला. म्हणाला, "ताई, परत पडला? उद्या माणूस पाठवून केळ लावतो."

म्हटलं, लावून तर बघ.